हॅम्बर्ग ते ट्रॉम्सो: विमान नाही, फोन नाही, सोबत आई

'सेलिब्रिटी रेस अक्रॉस द वर्ल्ड'चा पहिला सीझन बीबीसीवर २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाला आणि तो मी बघितला लंडनच्या मैत्रिणीकडे, दोन दिवसात सहाच्या सहा भाग. आईला दाखवता आला नाही म्हणून मग रोज संध्याकाळी फोनवर एकेक भाग गोष्टीसारखा सांगितला. ती मलकापूरला, आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या, आणि मी हॅम्बर्गला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार जोड्या, मोरोक्कोतल्या मराकेशहून निघायचं आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला पोचायचं, म्हणजे जवळपास वाळवंटातून थेट आर्क्टिकमध्ये. विमान चालणार नाही. फोन, इंटरनेट, क्रेडिट कार्ड सगळं काढून घेतात आणि हातात मोजके पैसे देतात, तेवढ्या प्रवासाला विमानाचं जे तिकीट पडेल साधारण तेवढेच. त्यातच खाणं, राहणं, गाड्या. आणि ही सगळी नावाजलेली माणसं. मॅकफ्लाय बँडचा ड्रमर हॅरी जड आणि त्याची आई एमा, ऑल सेंट्स ह्या पॉप बँडची मेल ब्लॅट आणि तिची आई, टीव्हीवर हवामान सांगणारा अ‍ॅलेक्स बेरेसफर्ड आणि त्याचे वडील नोएल, आणि बिली मॉंगर त्याच्या बहिणीबरोबर, बॉनीबरोबर. बिली म्हणजे २०१७ मध्ये रेसिंगच्या अपघातात दोन्ही पाय गमावलेला पोरगा. जिंकले अ‍ॅलेक्स आणि नोएल.

आईला ह्यातलं कोण कुठलं प्रसिद्ध ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं बिलीबद्दल एवढंच विचारलं, "रोज रात्री ते पाय काढून पुसतो का गं तो? एवढं चाललं की कातडं सोलवटतंय." आई ३१ वर्षं एएनएम होती, नर्सबाई, उपकेंद्रावरची. आणि बाकीच्यांबद्दल तिचा प्रश्न एकच असायचा, "मग गाडीत काय बोलली ती मायलेकरं?"

मला वाटतं ह्या शोचं खरं मर्म तेच आहे. माणूस किती का प्रसिद्ध असेना, हातातला फोन काढून घेतला आणि १२ तास बसमध्ये आईशेजारी बसवला की तो कुणाचा तरी मुलगा होतो आणि मग वर्षानुवर्षं न बोललेलं बाहेर येतं. जागा, डोंगर, समुद्र सगळं छान आहेच, पण मी सहा भाग बघितले ते त्या खिडकीशेजारच्या बोलण्यासाठी.

२०२५ च्या जूनमध्ये आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. त्याच महिन्यात ह्याच शोचा साधा सीझन, म्हणजे सेलिब्रिटी नसलेला, चीनच्या भिंतीपासून निघून आपल्या कन्याकुमारीला संपला होता आणि त्यात एक आई आणि तिचा मुलगा जिंकले. ते ऐकल्यावर आईच म्हणाली, "आपण पण करूया की." मराकेशपासून करायला ना रजा ना व्हिसाची सवड, म्हणून वरचा तुकडा घेतला, हॅम्बर्ग ते ट्रॉम्सो. नियम तेच. मी विमानाचं भाडं बघितलं, माणशी २७० युरो, म्हणजे दोघींचे ५४०, तेवढे रोख काढले. माझा फोन आणि कार्ड एका पाकिटात घालून चिकटपट्टी लावली, अगदीच अडचण आली तरच फोडायचं. दुसऱ्याला विचारलेलं चालेल, कारण शोमध्ये पण ते लोकांना विचारतातच.

पहिला दिवस: हॅम्बर्ग ते कोपनहेगन

आईनं पैसे तीन ठिकाणी ठेवले, थोडे पर्समध्ये, थोडे रुमालात बांधून कमरेला आणि उरलेले औषधाच्या रिकाम्या डबीत. आदल्या रात्री १८ दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्या होत्या.

हॅम्बर्गचा बस स्टँड मुख्य रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. काउंटरवर कोपनहेगनची दोन तिकिटं रोखीनं ५८ युरोला मिळाली. ही बस जर्मनीच्या टोकाला पुटगार्डनला जाते आणि तिथं बससकट बोटीत चढते, ४५ मिनिटांत पलीकडे डेन्मार्कचं रोड्बी. बस बोटीच्या पोटात शिरली तसा आईनं माझा हात धरला आणि वर डेकवर येईपर्यंत सोडला नाही. मग मात्र ती कठड्याला टेकून उभी राहिली, वारा एवढा की पदर डोक्यावरून घट्ट बांधलेला, आणि म्हणाली, "आमच्या वारणेच्या तरीत दोन म्हशी आणि एक सायकल मावायची." पलीकडच्या किनाऱ्यावर मोठं बांधकाम दिसत होतं, समुद्राच्या तळाशी १८ किलोमीटरचा बोगदा टाकतायत, तो झाला की ह्या बोटीची गरजच उरणार नाही.

कोपनहेगनमध्ये आम्ही राहिलो नाही, पैसे वाचवायचे तर रात्र गाडीतच काढायची हे शोमधले सगळेच करतात. स्टॉकहोमच्या रात्रीच्या बसला ८४ युरो गेले.

दुसरा दिवस: स्टॉकहोम आणि न चालणारे पैसे

रात्री एरेसुंडचा पूल लागला. २००० साली सुरू झालेला, डेन्मार्कच्या बाजूला रस्ता समुद्राखालून बोगद्यात जातो, मध्ये मुद्दाम तयार केलेल्या बेटावर वर येतो आणि तिथून पुढं जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल थेट स्वीडनच्या माल्मोपर्यंत. आई झोपली होती, उठवलं नाही, नंतर त्यावरून बोलणी खाल्ली.

सकाळी स्टॉकहोमला उतरलो आणि पहिलंच संकट. आईला बाथरूमला जायचं होतं आणि स्टेशनवरच्या टॉयलेटच्या दाराला फक्त कार्ड चालत होतं. नोट दाखवली तर तिथल्या माणसानं खांदे उडवले. कॉफीच्या दुकानात पाटी, रोख घेत नाही. सिटी बसमध्ये रोख नाही. युरो बदलून घेतलेल्या चांगल्या करकरीत स्वीडिश नोटा हातात, आणि त्या घ्यायला कुणी तयार नाही. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ मध्ये ह्याच शहरातल्या बँकेनं काढल्या आणि आज त्याच शहरात नोटेनं चहा मिळत नाही. शोमध्ये रोख पैसे संपतील ह्याची भीती असते, असलेले पैसे चालणार नाहीत ही भीती मला तिथं उभं राहून कळली.

मी पाकिटाकडे हात नेला. खरंच नेला, चिकटपट्टीचं टोक उचललं पण होतं. आई म्हणाली, "थांब, मी विचारतो." आमच्याकडे बायका पण विचारतो, येतो, जातो असंच म्हणतात. तिला इंग्रजी येतं ते औषधांच्या नावापुरतं. ती एका साठीच्या बाईसमोर जाऊन उभी राहिली, हात जोडले, दाराकडे बोट केलं, नोट पुढं केली आणि तोंडावर असा काही भाव आणला की जगातल्या कुठल्याही बाईला कळेल. त्या बाईनं हसून कार्ड टेकवलं, दार उघडलं, पैसे घेईना. आईनं बाहेर आल्यावर त्या बाईच्या हातात चटणी लावलेली दशमी ठेवली. बाईनं तिथंच खाल्ली, डोळ्यात पाणी आलं तिच्या, तिखटानं, पण संपवली.

आणि त्याच बाईनं पुढं आम्हाला नार्विकच्या रात्रीच्या ट्रेनची दोन तिकिटं तिच्या कार्डावर काढून दिली, रोख रक्कम मोजून घेतली, १८६ युरोचा हिशोब झाला. झोपायचे डबे भरलेले होते, बसायच्या जागा मिळाल्या. मी इतक्या वेळा विचारत होते की नक्की नार्विकचीच ना, आजचीच ना, शेवटी आई मला म्हणाली, "तू लई शंका घेतीस. शंका घ्यायची तर दुसऱ्या माणसाला जाऊन विचार, ह्याच माणसाला चारदा नको." हा तिचा कामावरचा नियम. नवीन वाडीत गेली की रस्ता दोघांना विचारायचा, एक बाई आणि एक पोरगं.

दिवसभर जुन्या शहरात दगडी गल्ल्यांमधून पायी फिरलो. फुकट होतं आणि छान होतं.

दुसऱ्या दिवसाची रात्र

ह्या रात्रीबद्दल जास्त लिहिणार आहे.

ट्रेन संध्याकाळी सुटली, नार्विक साधारण १५०० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार. जूनमध्ये उत्तरेकडे जात राहिलं की अंधारच होत नाही. दहा वाजले, अकरा वाजले, बाहेर बर्च आणि देवदारासारखी झाडं, मध्येच तळं, आणि सगळ्यावर पहाटेसारखा उजेड. आई सारखी खिडकीतून बघायची. मग म्हणाली, "मग इथल्या बायका सांजवात कधी लावत असतील?" मला उत्तर येईना. ती स्वतःच विचार करत बसली आणि थोड्या वेळानं घड्याळात बघून, सात कधीच वाजून गेले होते तरी, हात जोडून पुटपुटली शुभंकरोती.

एरवी मी अशा वेळी फोनमध्ये असते. डबा झोपलेला, वाचायला काही नाही, झोप येत नाही. आणि मी एकदम बोलून गेले, चौथीतल्या गॅदरिंगबद्दल. माझा नाच होता, आजीनं वेणी घातली होती, आणि आई येणार म्हणून मी पहिल्या रांगेत जागा धरायला लावली होती. ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. २५ वर्षं झाली, मी हे तिला कधी विचारलं नव्हतं. भांडणात सुद्धा नाही.

आईला लगेच आठवलं. तारीख नाही, पण बाई आठवली. धनगरवाड्यावरची, पहिलटकरीण, दोन दिवस कळा देत होती, मूल आडवं. वरच्या सड्यावर रस्ता नव्हता, गाडी खालच्या गावात थांबायची, तिथून दोन तास चढ. आई आणि दाई वर पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली, चार गडी आलटून पालटून खांद्यावर, आई शेजारून चालत, एक हात बाईच्या पोटावर. "तिला सारखं बोलायला लावत होतो मी, गप बसली की भ्या वाटायचं." मलकापूरला दवाखान्यात पोचले रात्री नऊला. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

"शाळेवरनंच गेली आमची जीप," आई म्हणाली. "लायटिंग दिसली. गाणं ऐकू आलं. उतरता येत नव्हतं."

मी म्हटलं मग तेव्हाच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू झोपली होतीस. सकाळी तू बोलली नाहीस, मग मी पण नाही बोललो."

एवढंच. नंतर आम्ही दोघी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतो. तिनं तिची शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली, अर्धी स्वतःच्या. अ‍ॅलेक्स आणि नोएल, हॅरी आणि एमा, ह्या लोकांसमोर कॅमेरा असतो, सगळं एडिट होऊन येतं, तरी मला त्यांचं बोलणं खोटं वाटलं नव्हतं, आणि आता तर वाटणारच नाही.

तिसरा दिवस: किरुना, आणि खाली नार्विक

सकाळी आर्क्टिक वर्तुळाची पाटी गेली. शेजारच्या सीटवरच्या मुलानं दाखवली म्हणून दिसली.

पुढं किरुना. हे लोखंडाच्या खाणीचं गाव, आणि जमिनीखाली एवढं खणलंय की वरची जमीन खचायला लागली, म्हणून गावाचा बराचसा भाग काही किलोमीटर पूर्वेला हलवतायत. तिथलं १९१२ चं लाकडी चर्च तसंच्या तसं उचलून नेणार होते. त्या मुलानं हे सांगितलं, मी आईला मराठीत सांगितलं. आई एकदम गप्प झाली. तिची नोकरीची पहिली दोन वर्षं चांदोलीच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत गेलीयत. माणसं म्हणायची, जमिनीचं काय ते मिळंल बाई, पण देव पाण्यात राहिला. तिनं विचारलं, "आत मूर्ती वगैरे सगळं तसंच ठेवून?" मी म्हटलं हो, तसंच. "चांगलं करतायत," ती म्हणाली, आणि बराच वेळ मागं वळून खाणीचा डोंगर बघत राहिली. ऑगस्टमध्ये ते चर्च खरंच हललं, दोन दिवसांत पाच किलोमीटर, चाकांच्या मोठ्या गाड्यांवर. तेव्हा आई परत गेली होती, मी व्हिडिओ पाठवला, तिनं तो वसाहतीतल्या जुन्या ओळखीच्या बायकांना दाखवला.

किरुनानंतर लांबच लांब तोर्नेत्रेस्क तळं, जूनमध्ये पण डोंगरांवर बर्फाचे पट्टे. सरहद्द ओलांडून नॉर्वेत शिरलं की ट्रेन अक्षरशः घाट उतरते. उजव्या हाताच्या खिडकीला बसा, कुणी गेलात तर. खाली खोल फियोर्डचं, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या खाडीचं, हिरवट पाणी, इकडे कडा, बोगद्यामागून बोगदा. मी आंबा घाट लहानपणापासून बघितलाय, पावसात, धुक्यात, तरीही पोटात गोळा आला. ह्याच लाईननं किरुनाचं लोखंड नार्विकच्या बंदरात येतं, कारण तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. १९४० मध्ये ह्या छोट्याशा गावासाठी एवढी मोठी लढाई झाली ती त्या लोखंडापायीच.

नार्विकला हॉस्टेल, ७५ युरो. खिडकीला जाड काळा पडदा होता तरी आईला झोप लागेना. रात्री बारा वाजता आम्ही उठून बंदरापर्यंत चालत गेलो. ऊन पडलं होतं. सावल्या लांब. एक माणूस कुत्रा फिरवत होता. आईनं सूर्याला नमस्कार केला, आता तो मावळतीचा का उगवतीचा हे दोघींनाही ठरवता आलं नाही.

चौथा दिवस: ट्रॉम्सो

ट्रॉम्सोला रेल्वे जातच नाही, नार्विकला रूळ संपतात. पुढं बस, चार तासांच्या आसपास, दोघींचे ८२ युरो. हातात आता ३० च्या आतबाहेर उरले होते. दशम्या पण संपल्या, पुऱ्या सहा. आई ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली, वडापच्या जीपमध्ये पण ती पुढंच बसायची, रस्ता दिसला की तिला उलटी होत नाही.

हा रस्ता मला शब्दात धरता येणार नाही. पाणी, डोंगर, पाणी, लाल रंगाचं एखादं घर, परत पाणी. मध्ये एका थांब्यावर ड्रायव्हरनं स्वतःच्या थर्मासमधली कॉफी आईला दिली, तिनं त्याला एक पुरी दिली.

शेवटी डाव्या हाताला समुद्रापलीकडे शहर दिसायला लागलं आणि उजव्या बाजूला ते पांढरं आर्क्टिक कॅथेड्रल, १९६५ चं, फोटोत शंभर वेळा बघितलेलं. आई म्हणाली, "कोपी!" अगदी तस्संच आहे हो, ऊसतोडीवाले फडाकडेला घालतात ती कोपी, दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर जमिनीपर्यंत आलेलं. मग एक किलोमीटरचा उंच पूल, मध्ये कमान चढल्यासारखा, आणि आम्ही ट्रॉम्सोत. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

शोमध्ये प्रत्येक टप्प्यावर एक वही असते, ती उघडली की कळतं आपण कितवे आलो, आणि त्या वहीवर हात ठेवताना सगळ्यांचे हात थरथरतात. मी हॅम्बर्गहून एक शाळेची चाळीस पानी वही आणली होती. बंदराजवळच्या बाकावर बसून आईपुढं धरली. तिला वाटलं सहीच करायची असेल, पण पेन हातात आल्यावर तिनं आधी पट्टीशिवाय सरळ उभ्या रेघा मारल्या, वर रकाने घातले, अनुक्रमांक, नाव, गाव, पोचल्याची वेळ, शेरा. ३१ वर्षं रजिस्टरं भरलेला हात. एक नंबरला तिनं माझं नाव लिहिलं, दोन नंबरला स्वतःचं. शेऱ्यात दोन्हीकडे: तब्येत ठीक.

पाचवा दिवस

शर्यत संपली होती, पाकीट फोडलं. ४३ मेसेज होते, त्यात लगेच बघावं असं एकही नव्हतं.

सकाळी पलीकडच्या डोंगरावर गेलो. केबल कार आहे, पण आईला पायऱ्या दाखवायच्या होत्या, कारण त्या नेपाळच्या शेर्पांनी येऊन बांधल्यात, बाराशेच्या वर, एकेक दगड नीट बसवून. आई २०० चढली, मध्ये मध्ये वाकून दगडाच्या सांध्यावरून बोटं फिरवत होती. "एवढ्या लांब येऊन केलं होय त्यांनी," म्हणाली. पुढं गुडघा दुखायला लागला म्हणून तिथंच बसलो, खाली सगळं बेट, पूल, कोपी, बोटी.

उरलेले पैसे तिनं ओच्यात ओतले आणि मोजले. थोड्या नोटा आणि चिल्लर. नॉर्वेच्या एक आणि पाच क्रोनरच्या नाण्यांना मध्ये भोक असतं. तिनं एक क्रोनर उचलला, डोळ्याला लावून त्यातून समुद्राकडे बघितलं. तिच्या आईकडे असाच एक भोकाचा पैसा होता, १९४३ च्या सुमारास निघालेला, ब्राँझचा, घरातल्या प्रत्येक तान्ह्या पोराच्या करदोड्यात तो ओवायचे आणि चालायला लागलं की काढून पुढच्यासाठी ठेवायचे. माझ्यापण कमरेला होता म्हणे. पुढं कुठल्यातरी घर बदलण्यात हरवला.

भावाला मार्चमध्ये मुलगी झालीय. आईनं पर्समधून सुईदोऱ्याची डबी काढली, काळा दोरा बोटभर मापून दाताने तोडला, क्रोनर त्यात ओवला, गाठ मारली, ओढून बघितली आणि औषधाच्या त्या रिकाम्या डबीत ठेवून झाकण घट्ट लावलं.